एका वावराच्या अकरा ओळी

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली, त्या वर्षी पिंपळगाव राजाच्या आसपास त्या अळीचे पतंग पकडायचे सापळे लावायचं काम माझ्याकडे आलं. कोणाच्या कोणत्या वावरात सापळे लावायचे, याची यादी हवी होती. वहीत ती तासाभरात झाली असती. पण पन्नाशीला टेकल्यावर मला पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची हौस आली होती.

शिकवायला होती शेजारच्या शिंप्याची लेक, खामगावला कॉलेजात जाणारी. माझ्या पहिल्या प्रोग्रामनं शेतकरी, वावरं, चौकटी कंस, सगळं एका ढिगात ओतलं.

"काका, हे कोन वाचन? एक लूप, म्हंजे तेच काम एकेकावर फिरोनारा, शेतकऱ्यांवर फिरवा. त्याच्या आत दुसरा, त्या शेतकऱ्याच्या वावरांवर. आन् आतलं चार जागा सरकून लिहा. एसटीत सरकता ना, तसं."

तीन दिवसांनी जमलं. एकेका नावाखाली वावरं ओळीनं उतरली: आंब्याचं, नाल्याकाठचं, रस्त्यावरचं. मी ऐटीत, न तपासताच छापलं आणि शेतकऱ्यांच्या सभेत भिंतीवर डकवलं.

एक म्हातारी शेतकरीण चष्मा सावरत आपलं नाव शोधत होती. तिचं एकच वावर, विहिरीजवळचं. तिच्या नावाखाली मात्र अकरा ओळी! एकीवर 'व', दुसरीवर नुसती वेलांटी, तिसरीवर 'ह'...

"काऊन रे बापा," ती म्हणाली, "माह्या एका वावराचे एवढे हिस्से कोनं केले? आन् हा वेलांटीचा हिस्सा कोनाले देला?"

सभा खो खो हसली. माझे कान तापले.

शिंप्याच्या लेकीनं चूक सांगितली नाही, मलाच शोधायला लावली. इतरांची वावरं मी कंसात, यादी करून लिहिली होती. म्हातारीचं एकच, म्हणून कंस कशाला, असं वाटून वावराचं नुसतं नाव लिहिलं. आतला लूप मग त्या नावाच्या एकेका अक्षराला, वेलांटीला वेगळं वावर समजून फिरला.

"एकच असलं तरी यादीच ती, काका. गरिबाले कंस नाही का?"

कंस घातले आणि नवा कागद म्हातारीच्या घरी नेऊन दिला. तिनं तो बोट फिरवत वाचला.

"हाव, आता बरोबर. अळी कधी जाईन, तेही छापते का तुह्यं मशीन?"

"नाही, मावशी."

"मंग चाल, सापळा तरी लाव."

वावरात तिनं एक बोंड फोडून दाखवलं. आत अळी होतीच. मी पहिला सापळा काठीला बांधला, तो तिनं सोडला आणि नीट बांधला.