शिंपीदादांच्या अळ्यांची लापशी

शिंपीदादांच्या टाकीत माशांची पिल्लं झाली होती, पण एवढीशी, की त्यांच्या तोंडात दोऱ्याहून बारीक अळ्याच मावाव्यात. त्या अळ्या दादा स्वयंपाकघरातल्या डब्यात लापशीवर पोसत आणि डब्याच्या कडेनं वर चढलेल्या तेवढ्या बोटानं पुसून पिल्लांना घालत. बायकोनं बजावलं होतं, "तुमची पाठ वळू द्या, डबा कचऱ्यात गेलाच समजा!"

आणि नेमके दादा तापानं आडवे झाले. पिल्लं उपाशी मेली असणार, या धास्तीनं ताप उतरताच ते धडपडत आत गेले. पिल्लांची पोटं टम्म होती. डब्यात ताजी घट्ट लापशी होती आणि अळ्या कडेनं वर चढत होत्या.

"अगं, तापात मला पाण्यासारखी लापशी आणि यांना घट्ट?"

"अहो, पातळ केली की त्या चढत नाहीत. तुम्हाला कुठं चढायचंय?"