बैलाच्या पाठीवरची गोधडी

त्या काळी मी मुरबाडला शाळामास्तर होतो. मुलांना व्यवहारज्ञान शिकवायचो. स्वतःला किती होतं, ते आता सांगतो.

आमचं पहिलं मूल बारा दिवसांचं होऊन गेलं होतं. दुसऱ्या खेपेला बायकोचे दिवस भरत आले, तेव्हा सासूबाई त्यांच्या गावात, डोळखांबला, पाच घरी पदर पसरून आल्या. घरंही निवडून घेतलेली, जिथली सगळी मुलं जगली-वाढली अशी. प्रत्येक घरातून एकेक जुनेर मागून आणलं. त्यांची गोधडी करायची आणि त्या पाच घरांच्या उबेत आमचं मूल ठेवायचं. ते गाठोडं त्या आमच्या घरी ठेवून गेल्या, तेव्हा मी शाळेत होतो. कोपऱ्यात नवं गाठोडं कसलं, हे मी विचारलं नाही. मास्तरला उत्तरं द्यायची सवय, विचारायची नाही.

पुढच्या रविवारी बायको शेजारी गेली होती आणि दारात बोहारीण आली. कोपऱ्यातल्या चिंध्या देऊन मी जर्मनचं पातेलं घेतलं. ती नुसतं पातेलं देत होती. मी अर्धा तास हुज्जत घालून वर झाकण मिळवलं. बायको आल्यावर ते वाजवून दाखवलं.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "तुमी माज्या लेकराचं पांघरून दिलंत."

मग सगळं कळलं. बोहारीण तोवर गाव सोडून गेली होती. आठ-दहा दिवसांनी म्हसा गावची गुरांची जत्रा भरली. ती तिथे येणारच, म्हणून मी पहाटेच चालत निघालो. बायकोने पाच तुकडे पाठ करून घेतले होते: हिरवं खणाचं, तांबड्या काठाचं, चौकड्याचं, पिवळं कुंचीचं, निळं इरकली. पाढ्यासारखे घोकत गेलो.

बोहारीण भांडी मांडून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "मास्तर, झाकण परत घेणार नाय हां!" गाठोडं तिने जवळच्याच गावातल्या एका शेतकरणीला दिलं होतं. "बैल घेऊन आलीत नवरा-बायको. तिकडं, चिंचेखाली."

चिंचेखाली एक खिल्लारी बैल उभा होता आणि त्याच्या पाठीवर माझा पाढा होता. मधोमध हिरवा चौकोन, भोवती पिवळ्या-निळ्या त्रिकोणांची फिरती रांग, कडेला तांबडा काठ, कोपऱ्यांना चौकड्याची फुलं. अशी देखणी झूल जत्रेत दुसरी नव्हती. मी बघतच राहिलो.

"दात बघा, गुरजी," मालक म्हणाला. "चार वरसांचा हाय."

"झूल बघतोय."

"आगो, ऐकलंस? बैल सोडून झूल बघनारा पयलाच मानूस आला!"

त्याची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. मी माझा मूर्खपणा झाकणासकट सांगितला. मालक पोट धरून हसला. ती हसली नाही. हात पुसत उठली आणि झुलीच्या गाठी सोडू लागली.

"आगो, गिऱ्हाईक यायचा टाइम झाला," मालक गडबडला. "उघडा बैल कोन बघंल?"

"बैलाला कातडं हाय. त्या पोराला काय हाय?"

अंगातला शाळेचा कोट काढून मी बैलाच्या पाठीवर टाकला. दोन्ही बाह्या दोन बाजूंना लोंबू लागल्या. आता तीही हसली. मग आपल्या लुगड्याचा पदर टरकन फाडून तिने हातभर पट्टी झुलीवर ठेवली. "माजी सात हायेत. साती हिंडती-फिरती. ह्ये बी लावा."

बैल त्याच दिवशी, माझ्या कोटासकट, चांगल्या घरी गेला असं पुढे कळलं. त्या कोटात मला कधी कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. मी मात्र कुडकुडत, शेणाच्या वासाची झूल छातीशी धरून घरी आलो.

बायकोने ती रिठ्याने धुतली. त्या बाईची शिवण उसवायला तिचं मन होईना. चारी बाजूंनी दुमडून बेताची केली आणि मधल्या हिरव्या चौकोनावर सहाव्या घराची पट्टी शिवली. पातेलं तिने त्या रविवारीच फळीवर पालथं घातलं होतं. ते तसंच राहिलं. मीही कधी हात लावला नाही.

मुलगी झाली. तिच्यावर ती झूल पांघरलेली असे. बाराव्या दिवशी मी शाळेत दोनदा हजेरी घेतली आणि एक वर्ग तासभर आधी सोडला.

तेराव्या दिवशी सकाळी चुलीजवळ भांडं वाजलं. जाऊन पाहतो तो बायकोने पातेलं उतरवलं होतं आणि मुलीच्या अंघोळीचं पाणी त्यात ठेवत होती.

"झाकन कुठाय?" तिने विचारलं. "आनलंय ना भांडून?"

मी धावत जाऊन आणून दिलं.