शामराव पहिला

निखाडे भाऊ सकाळी कारखान्यात आले की "काम कसं चाललंय?" असं कधी विचारत नसत. स्कूटरचं हेल्मेट दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचे, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काल काय बिघडवलं बे?"

"काही नाही भाऊ," असं उत्तर आलं की ते खट्टू व्हायचे. "काहीच नाही? मंग काय झोपले होते काय दिवसभर?"

या माणसानं मला नोकरी कशी दिली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. माझे वडील रेल्वेत, घर भिलाई-३ला. मी नागपुरात संगणकावर मशीन चालवण्याचे कोर्स करून आलो होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो. भिलाईलगतच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला, "आजवरची तुही सगळ्यात मोठी चूक कोणती?"

मुलाखतीत काय सांगायचं ते मी पाठ करून गेलो होतो. "सर, मी फार परफेक्शनिस्ट आहे, तीच माझी चूक."

भाऊंनी माझ्याकडे दुधात माशी दिसावी तसं पाहिलं. मग दुलारीला, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्या दुलारी साहूला, म्हणाले, "याले चहा पाज अन् वापस पाठव."

मी ताठ मानेनं उठलो, ताठ मानेनं वळलो, आणि मान ताठ असल्यामुळे खालची कूलंटची बादली मला दिसली नाही. मशीनमध्ये हत्यार गार ठेवायला वापरतात ते पांढरं, दुधासारखं पाणी माझ्या मुलाखतीच्या पँटवर गुडघ्यापर्यंत आलं. एक बूट बादलीतच राहिला.

"आता कसं!" भाऊ टाळी वाजवून म्हणाले. "बस इथं. सगळ्यांले सांग काय झालं ते. पण रंगवून सांग."

मी सांगितलं. लोक हसले. तिसऱ्यांदा सांगताना तर मी बादलीला संवादही दिले. भाऊ म्हणाले, "सोमवारपासून ये." माझं नेमणूकपत्र म्हणजे ती बादली.

भाऊंचं अख्खं आयुष्य भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये गेलं होतं. तिथे ज्या लेथवर ते उभे राहत, तिच्यावर म्हशीएवढे जाड रोल फिरायचे. निवृत्तीनंतर स्मृती नगरच्या घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून हथखोजला शेड घेऊन बुश आणि शाफ्ट असे यंत्रांचे साधे सुटे भाग बनवायला लागले. आणि मग कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी ते पाच अक्षांचं छोटं मशीन पाहिलं आणि प्रेमात पडले. मोठ्या फ्रिजपेक्षा फार मोठं नाही. पण आतलं टेबल पाळण्यासारखं झुलतं, झुलता झुलता गोलही फिरतं, वरून हत्यार तीन दिशांनी येतं, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा एकदा बांधला की पाच बाजूंनी कोरून निघतो. विमानाच्या पंखाच्या आतल्या फासळ्या अशाच होतात. ठोकळ्यातलं बहुतेक सगळं भुसा होऊन जातं आणि मागे उरते ती पातळ भिंतींची, हातात घेतली तर वजनच न लागणारी गोष्ट.

सगळे त्या मशीनला पाळणाच म्हणायचे. आणि पाळणा म्हटल्यावर बारसं आलंच. बिघडलेल्या प्रत्येक तुकड्याचं भाऊ बारसं करायचे. ज्यानं बिघडवला त्यानं सगळ्यांना आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, आणायचे, चहाच्या वेळी मधोमध उभं राहून कसं बिघडवलं ते सांगायचं, आणि मग तुकड्यावर ऑइलपेंटनं त्याचं नाव लिहून तो दाराजवळच्या फळीवर, हनुमानाच्या फोटोशेजारी ठेवायचा. नावं राजांसारखी. दुलारी पहिली. दुलारी दुसरी.

"पार्ट मेला तर मेला," भाऊ म्हणायचे, "पण गोष्ट जित्ती पाहिजे."

मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढी शोभा कशाला? गुपचूप सांगितलं तर नाही चालत का?"

"गुपचूप सांगणारा उद्या गुपचूप ठेवीन," ते म्हणाले. "अन् हे काय कुलरची जाळी आहे का बे? विमान आहे. वरती बिघडलं तर साइडले लावता येते काय?"

बंगळुरूच्या एका कंपनीनं आम्हाला चाचणीचं काम दिलं तेव्हा आजूबाजूच्या शेडवाल्यांनी भाऊंना 'विमानवाला' करून टाकलं होतं. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच, "निखाडे जी, हवाई अड्डा कब खोल रहे हो?" भाऊ हसायचे, पण त्यांना ते लागत होतं. पंखाच्या दोन फासळ्या करायच्या होत्या, एक डावी, एक उजवी. पास झाल्या तर नेहमीचं काम. नाही झाल्या तर मशीन विकायचं आणि पुन्हा बुश नि शाफ्ट, हे त्यांनी आम्हाला सरळ सांगून ठेवलं होतं. कंपनीनं चार ठोकळे पाठवले होते, म्हणजे चुकायला दोन.

ते दोन्ही मी एकट्यानं वापरले.

पहिल्या ठोकळ्याच्या वेळी टेबल झुकलं की ठोकळा धरून ठेवणाऱ्या पकडीचा कोपरा वर येतो हे माझ्या हिशोबात होतं, फक्त किती वर येतो हे नव्हतं. हत्यार पकडीवर आदळलं आणि असा आवाज झाला की शेजारच्या शेडमधला वेल्डर धावत आला. 'पंकज पहिला' फळीवर गेला.

दुसऱ्यातून डावी फासळी झकास निघाली. तिसऱ्यातून निघालेली तर त्याहून झकास. फोटो काढायला म्हणून मी दोघी शेजारी ठेवल्या. नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या त्या समोरासमोर यायला हव्या होत्या. दोघी एकाच दिशेला तोंड करून बसल्या होत्या, सिटी बसमधल्या प्रवाशांसारख्या. मी दुसरीही डावीच बनवली होती.

दुलारीनं दोन्हींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भैया, आलूगुंडा मंगावँव का?"

त्या दिवशी मी जी गोष्ट सांगितली तिला आजही तोड नाही. भाऊ डोळे पुसत हसत होते. "विमानाले दोन्ही पंख डावेच लावले तर काय होईन? गोल गोल फिरून पुन्हा हथखोजलेच येईन ना बे!" मग हसू थांबलं. त्यांनी चौथा ठोकळा उचलून माझ्या हातात दिला.

"भाऊ, दुलारीला करू द्या," मी म्हणालो.

"कावून? तिनं अजून दोन डाव्या कुठं बनवल्या? तुले आता माहीत आहे. तूच कर."

उजवी फासळी मी बनवली. जगातला कुठलाही उजवा हात इतका उजवा नसेल. मोजणीत सगळं बसलं. भाऊंनी ती दोन्ही तळव्यांवर घेतली. भिलाईचे रूळ देशभर गेले होते, पण गेले ते जमिनीवरून. संध्याकाळी आम्ही घरी निघालो तेव्हा भाऊ म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, शटर मी लावतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरियरची गाडी येणार होती. सकाळी भाऊ आले, हेल्मेट खिळ्याला अडकवलं, चष्मा पुसला आणि आत जाऊन बसले. काहीच विचारलं नाही.

मी आणि दुलारी एकमेकांकडे पाहत राहिलो. मी मनातल्या मनात माझे सगळे आकडे पुन्हा तपासले. उजवी ती उजवीच ना? हो, उजवीच.

चहाच्या आधी टपरीवरचा माणूस आलूगुंड्यांचं पुडकं घेऊन आला. "किसने मँगाया?" दुलारीनं विचारलं. त्यानं भाऊंकडे बोट दाखवलं.

भाऊ उठले आणि आम्ही उभे राहायचो तिथे, मधोमध येऊन उभे राहिले. सदरा नीट केला.

"काल तुम्ही गेले," त्यांनी सुरुवात केली, "अन् मी अन् ते," त्यांनी उजव्या फासळीच्या डब्याकडे बोट दाखवलं, "दोघंच राहिलो. मले वाटलं, उद्या हे जाईन. मंग पुन्हा कधी दिसते आपल्याले? म्हून मी त्याले उचललं. अन् मंग..." त्यांनी उजवा हात वर केला. "मंग मी त्याले उडवलं."

"उडवलं म्हणजे?"

"म्हंजे असं." आणि हातात अदृश्य विमान धरावं तसे ते चालायला लागले. शेडच्या या टोकापासून त्या टोकाला, तोंडानं घुंऽऽ असा आवाज काढत. पाळण्याला वळसा घातला. "टेकऑफ मस्त झाला. भुशाच्या ड्रमवरून गेलो. हनुमानाले सलामी दिली. अन् लँडिंगच्या टायमाले हाताले होतं तेल..."

कोणी हसलं नाही.

"कुठं पडली?" मी विचारलं.

"रबराच्या चटईवर. ओरखडा नाही, पोचा नाही. मी पुसलं, मोजलं, सगळं बरोब्बर. डब्यात ठेवलं. शटर लावलं. घरी गेलो. बायको म्हणे, जेवत कावून नाही?"

"भाऊ, पोचा नाही तर..." मी म्हणालो. शेडमधल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं. चौथा ठोकळा, शेवटचा. "कुणाला कळणार आहे?"

"मले कळलं ना बे," भाऊ म्हणाले. "आतून चीर गेली का नाही, हे तुह्या डोळ्याले दिसते काय? माह्या दिसत नाही."

मग त्यांनी स्पीकरवर बंगळुरूच्या तपासणीवाल्या मॅडमना फोन लावला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. माझी पकड, माझ्या दोन डाव्या, सगळं. टेकऑफ घुंऽऽसकट. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मत भेजिए. वो पार्ट रिजेक्ट है." आणि फोन ठेवला.

कुरियरची गाडी रिकामी परत गेली. भाऊंनी स्वतः ब्रश घेतला, उजव्या फासळीवर स्वतःचं नाव, 'शामराव पहिला', लिहिलं आणि ती फळीवर ठेवली. अख्ख्या फळीवर तोच एक तुकडा असा होता ज्यात काही बिघडलेलं दिसत नव्हतं. नंतर काही दिवस भाऊ टपरीवर गेले नाहीत. मशीन बघायला एक गिऱ्हाईकही येऊन गेलं.

आणि मग एका दुपारी बंगळुरूहून एक लाकडी पेटी आली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. आत दोन ठोकळे होते. एकावर जाड लाल अक्षरांत 'लेफ्ट' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'राइट'. भाऊंनी पेटीत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडमनं तुह्यासाठी लिहून पाठवलं, बह्याडा."

त्या दोन्ही फासळ्या पास झाल्या. ते काम अजून चालू आहे. पाळणा आता दुलारी सांभाळते, कार्यालय मी. गुडघ्यांनी दगा दिल्यावर भाऊ नागपूरला लेकीकडे गेले. पण रविवारी फोन ठरलेला. "काय बिघडवलं या हप्त्यात?" मी सांगायचो. नसेल तर बनवून सांगायचो.

पुढे पुढे ते नावं विसरायला लागले. मग मशीन विसरले. लेक म्हणायची, ओळखत नाहीत कोणाला, पण तुमचा फोन आला की उठून बसतात. शेवटच्या त्या रविवारी त्यांनी मला दोनदा विचारलं, कोण बोलून राहिला? आणि मग, जुन्या सवयीनं, "काय बिघडवलं?"

मी म्हणालो, "भाऊ, आपल्याकडे एक माणूस आहे. त्यानं विमानाचा पार्ट हातात घेतला आणि शेडभर उडवला. घुंऽऽ करत."

"उडवला?" भाऊ हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "लहान पोरगा आहे काय तो?"

"साठीच्या वरचा आहे. हनुमानाला सलामीही दिली."

"बह्याड! मंग?"

"मग पडला हातून. कोणी पाहिलं नव्हतं."

पलीकडे हसू थांबलं.

"मंग सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं भाऊ. दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"रंगवून?"

"रंगवून."

"मंग राहू दे," निखाडे भाऊ म्हणाले. "त्याले कामावरून काढू नका."