कागदावरचा शेवटचा थेंब

कुणी काहीही विचारलं की मॅडम आधी चष्मा काढायच्या, ओढणीच्या टोकानं काचा पुसायच्या आणि मग म्हणायच्या, "थांबा जरा. चुकायला वेळ लागत न्हाई." तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. विचारणारा घाईत असतो आणि यांचं पुसणं संपत नाही. आमच्या जालन्याच्या प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्याला वाटायचं, बाईंना उत्तर येत नसावं. यायचं. ते देण्याआधी त्याचे तोटे त्या मनात मांडून बघत.

आमचं काम वाळलेल्या रक्ताचं. लहान लेकरांच्या रक्ताचे थेंब जाड टिपकागदाच्या कार्डावर वाळवून आमच्याकडे येतात. त्यातून डीएनए काढून पुढच्या तपासणीला द्यायचा. खोली इमारतीच्या मागच्या अंगाला आणि धुळीमुळे खिडकी कायमची बंद. वीज गेली की आम्ही सगळे व्हरांड्यात पळायचो. मॅडम आतच बसायच्या. "कार्डं आत हायेत न," एवढंच म्हणायच्या.

मॅडम कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याची लेक. शिकायला हैदराबादला गेल्या, तिथं नोकरीही मिळत होती. पण लग्न होऊन घनसावंगीला आल्या आणि इथंच राहिल्या. नवरा बाहेरगावी नोकरीला, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मॅडम रोज बसनं जालन्याला ये-जा करायच्या. दुपारी शेजारणीला फोन लावायच्या. "गोळी दिली का? बराबर गिळली न?" फोन ठेवला की पुन्हा हातमोजे.

तीर्थपुरीकडचं एक जोडपं आलं तेव्हाची गोष्ट. त्यांचं पहिलं बाळ झटके येऊन वर्षाच्या आत गेलं होतं. का गेलं ते कुणालाच कळलं नाही. आता त्या बाईला पुन्हा दिवस गेले होते. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेल्या बाळाचा डीएनए मिळाला, तर दोष सापडू शकेल आणि मग पोटातल्या बाळाची तपासणी करता येईल. नुसत्या आईबापाच्या रक्तावरून काही ठरत नव्हतं. बाळाला तर मातीआड केलेलं. ते जिवंत असताना त्याचं एक कार्ड आमच्याकडे आलं होतं. त्यावरचे बाकीचे थेंब आधीच्या तपासण्यांत संपले होते. एक उरला होता.

सोबत नवऱ्याची आई होती. ती मॅडमना म्हणाली, "ताई, हे लेकरू ठेवावं का न्हाई, तेवढं सांगा."

"ते माझ्या हातात न्हाई, मावशी."

"मंग कुणाच्या हातात हाय?"

मॅडम कार्ड घेऊन आत आल्या.

वाळलेल्या रक्तातून डीएनए काढायच्या आमच्याकडे दोन पद्धती. एक उकळण्याची: कागदाचा तुकडा रासायनिक दाण्यांबरोबर पाण्यात उकळायचा. स्वस्त, जल्दी होणारी. दुसरी गाळणीची: रक्त विरघळवून बारीक गाळणीतून सोडायचं, डीएनए गाळणीला चिकटतो, तो धुऊन मग उतरवून घ्यायचा.

"उकळूनच करू, मॅडम," मी म्हणालो. "वाया काही जात नाही."

"वाया जात न्हाई, पण उकळल्यावर डीएनएचे दोन्ही पदर सुटे होतात. ह्या मोठ्या तपासणीला ते जुळलेले लागतात. अन् मळ राहतो तो वेगळाच."

"मग गाळणी."

"गाळणीत बरंचसं अडकून राहतं. ह्या जुन्या थेंबातून आधीच किती निघणार?"

"निम्मा आता घेऊ, निम्मा ठेवू."

"निम्म्यातून पुरेसं न्हाई निघालं, तर दुसऱ्या निम्म्यातूनही न्हाई निघणार. मंग दोन्ही गेले."

त्यांनी टाकून द्यायला काढलेली तेवढीच जुनी कार्डं शोधली आणि दोन्ही पद्धती त्यांच्यावर करून पाहिल्या. कागद जास्त वेळ भिजवून पाहिला, ऊब वाढवून पाहिली, शेवटी उतरवून घ्यायचं पाणी कमी करून पाहिलं. कधी पुरेसं निघायचं, कधी नाही. बाहेर त्या बाईचे दिवस पुढं सरकत होते. पोटातल्या बाळाबद्दल काही ठरवायला ठराविक काळच असतो, तो सरला की तपासणी करून उपयोग नव्हता. ते तिघं जवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला थांबले होते आणि सकाळपासून आमच्या दारासमोरच्या बाकावर येऊन बसायचे. दार उघडलं की तिघंही उभे राहायचे.

"झालं का, ताई?"

"करून राह्यलो, भाऊ."

पुढं पुढं मॅडम पाणी प्यायलाही बाहेर जाईनाशा झाल्या. एकदा डबा उघडा ठेवून मला म्हणाल्या, "घरी सासूबाई दाराकडं बघत पडलेल्या असतात. हितं हे लोक दाराकडं बघत बसलेत. मी कुठल्या दारानं जाऊ?"

आणि एका सकाळी त्या आल्या, चष्मा न काढताच म्हणाल्या, "गाळणी. पूर्ण थेंब." कुणी आत येऊ नये म्हणून मला दाराशी उभं केलं. मी पाठमोरा उभा राहिलो, आत त्यांच्या हातून होणारे बारीक आवाज ऐकत. काम संपवून त्यांनी मोजमाप घेतलं. डीएनए थोडा होता, पण पुरेसा होता. त्या स्टुलावर बसल्या. "निघाला," म्हणाल्या.

डीएनए मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथं दोष सापडला. आईत आणि बापात तो अर्धा अर्धा लपलेला होता. मग पोटातल्या बाळाची तपासणी झाली. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, तरी ती बाई आमच्या दारात आली.

"त्याच्यासारखंच हाय का, ताई?"

"व्हय."

दोघांनी दवाखान्यात जाऊन जो निर्णय घ्यायचा तो घेतला.

काही आठवड्यांनी ती एकटीच आली. मॅडमसमोर बसून म्हणाली, "तुम्ही काढलंच नसतं, तर आज माझी कूस भरलेली असती."

"व्हय."

"मंग पुन्हा ते झटके बघावे लागले असते."

"व्हय."

"तुमचे उपकार मानावे का न्हाई, मला कळंना झालंय."

"नका मानू," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिला चहा पाजला. दोष आता ठाऊक झालाय, पुढच्या खेपेला लवकर कळेल, दर खेपेला चारात तीन वाटा चांगल्या असतात, हे सावकाश समजावलं. ती गेल्यावर त्या त्याच खुर्चीवर कपबशी हातात धरून बसून राहिल्या.

त्या पावसाळ्यात सासूबाईंना घास गिळता येईना. मॅडमनी रजा टाकली, रजा वाढवली आणि मग राजीनामा पाठवला. निरोप समारंभ झालाच नाही. कपाटाची किल्ली त्यांनी बसच्या कंडक्टरकडून पाठवून दिली.

नंतर बऱ्याच काळानं ती तीर्थपुरीची बाई नवऱ्यासोबत आली. कडेवर मुलगी, टोपडं घातलेली, चांगली गुबगुबीत. पोटात असतानाच तपासणी झाली होती आणि ती निर्दोष निघाली होती. मी म्हणालो, "मॅडम आता इथं नाहीत हो. घनसावंगीला असतात."

"ठाव हाय. तिथूनच आलोत. आधी त्यांनाच दाखवली."

"काय म्हणाल्या?"

"आत म्हातारीचं करून राह्यल्या होत्या. दारातूनच बघितलं. घ्या की म्हणलं, तर म्हणल्या, हात ओले हायेत." तिनं मुलीचं टोपडं सारखं केलं. "मंग आम्ही जीपमधी बसलो. तर मागून आल्या पळत. हात पुसलेले. खिडकीतून हात घातला अन् हिचा पाय धरला."

तिनं मुलीचं पाऊल वर करून मला दाखवलं. नव्या बाळाच्या रक्तासाठी आम्ही जिथं सुई टोचतो, ती टाच.

"हितं अंगठा फिरवत राह्यल्या," ती म्हणाली. "ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी सोडंनात."