बाईंच्या ओसरीवरचं पुस्तक

बाई गेल्याचं मला श्रीवर्धनच्या बाजारात, सुपारीची पोती गाडीत चढवून घेताना कळलं. निरोप आणणाऱ्यावरच मी खेकसलो. रडू आलं नाही, भीती वाटली. मुलींच्या शाळेतल्या या शिक्षिकेशी माझं कधी पटलं नाही, तरी घरात पोरांचं काही बिनसलं की पाय त्यांच्याच ओसरीकडे वळायचे. आता कुणाकडे जायचं?

त्या ओसरीवर पहिल्यांदा गेलो त्याला आता खूप वर्षं झाली; स्वातंत्र्य मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझी थोरली राधा तेव्हा सहाची. आईबरोबर चौलला आजोळी निघाली होती. रेवदंड्याजवळ मचवा खडकाला घासला आणि आत पाणी भरलं. माणसं सगळी सुखरूप किनाऱ्याला लागली, पण राधा बोलायची थांबली. जेवायची, झोपायची, हाक मारली की बघायची… शब्द नाही. कुणी म्हणे भगत बोलवा, कुणी म्हणे मुंबईचा डॉक्टर. मी दोन्ही केलं. पैंजण आणले, बाहुली आणली, "बाबा म्हण, लगेच देतो," असं विनवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत मागे सरकायची. डोक्यावर पोती वाहून मी धंदा उभा केला, कशाला म्हणून भ्यालो नाही. पण त्या नजरेला भ्यालो.

मुलांना कसं समजून घ्यावं, कसं वळण लावावं, हे आईबापांना सांगणारं एक पुस्तक बाईंकडे आहे असं बायकोने ऐकलं होतं. मी गेलो, राधेचं सगळं सांगितलं आणि पुस्तकाची दुप्पट किंमत बोललो. बाई हसल्या. "शेठ, पुस्तक बाहेर जात नाही. कितीतरी आयांना वाचता येत नाही, म्हणून मी चार वाजता इथे मोठ्याने वाचते. बसा." बायकांच्या घोळक्यात मी एकटा बाप्या. कोळीवाड्यातली जानकी म्हणाली, "शेट, हितं भाव करायचा न्हाय हां, मुकाट ऐकायचं!" सगळ्या खिदळल्या.

त्या दिवशी बाईंनी धास्तावलेल्या मुलांविषयी वाचलं. मग पुस्तक मिटून सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "तुम्ही राधेशी सौदा करता. बोललीस तर हे देईन, नाहीतर नाही. आधीच भ्यालेलं पोर, त्यात बापाची घासाघीस! काही मागू नका तिच्याकडे. नुसतं जवळ बसू द्या." मी तरातरा निघून आलो. एवढ्या बायकांसमोर! बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? पुढे एकदा विचारलंही. म्हणाल्या, "बाजूला घेतलं असतं तर तुम्ही माझ्याशीसुद्धा घासाघीस केली असतीत." मला ते आजही पटलेलं नाही.

पण भीती रागाहून मोठी होती. मी राधेला दुकानात शेजारी बसवू लागलो. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. बाकीच्यांना कळू नये म्हणून पंच्याखाली हात धरून, बोटं दाबून ठरवतात. राधा ते टक लावून बघायची. एका दुपारी दलाल उठून गेला, आणि तिने आपला हात पंच्याखाली सरकवला. माझी तीन बोटं दाबली. कसला भाव, मला काय ठाऊक! विचारायला तोंड उघडलं, आणि ती पुन्हा मागे सरकेल या धास्तीने तसंच मिटलं. मी तिची दोन बोटं दाबली. तिने हात काढून घेतला, थेट दलालासारखं नाक मुरडलं आणि म्हणाली, "नाही परवडत, शेठ."

मी ओरडलो नाही. "बरं, चार," एवढंच हळू म्हणालो.

बाईंचे दिवस झाले. ओसरी आता ओस पडणार असं मी धरून चाललो होतो, पण चारच्या सुमाराला जानकी सुनेला घेऊन हजर! मागोमाग आणखी बायका आल्या. राधा सध्या माहेरी आली आहे. कुणी सांगायची वाट न बघता तिनेच पुस्तक उघडलं. आता रोज तीच वाचते, आणि मी मागे भिंतीला टेकून ऐकतो. आवाज खणखणीत आहे तिचा. तरी पान उलटायला ती थांबते ना… तेवढ्यातही मी भिंतीपासून उठू लागतो, पुन्हा बोलायची थांबली की काय म्हणून.