नवरदेवाचा ब्रश

लग्न ठरलेल्या प्रत्येक पोरासाठी रुश्दी नवा ब्रश तयार करायचा. त्रिपोलीतल्या साबणवाल्यांच्या जुन्या सराईला, म्हणजे खानाला, लागून त्याचं न्हाव्याचं दुकान. वस्तरा धरायला तो तिथंच बापाच्या हाताखाली शिकला. नवरदेवाच्या गालाला उष्टा ब्रश लावायचा नाही, हा बापाचा हट्ट त्यानंही चालवला. दाढी झाली की ब्रश नवरदेवाच्या खिशात. पुढं फवाऱ्याचा फेस आला, पोरांची घाई वाढली आणि अकरा वर्षांत कुणी ब्रश मागितला नाही.

आणि एका सकाळी बंदरावरचा फवाज दारात उभा राहिला. लहानपणापासूनचा मित्र, जन्मभर जहाजांवर राबून परतलेला.

"रुश्दी, ब्रश तयार कर. दहा दिवसांनी लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझं."

रुश्दी खो खो हसला. "अडुसष्टाव्या वर्षी? ये, बस. दाढीबरोबर डोकंही तपासतो."

"नवरी कोण, ते तरी विचार."

"कोण ती अभागी?"

"नजला."

रुश्दीचं हसू जागच्या जागी विरलं. नजला त्याची धाकटी बहीण. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलं परदेशात.

"मागं विचारायला आलो होतो," फवाज म्हणाला, "आता सांगायला आलोय. ती म्हणाली, तूच सांग त्याला."

रुश्दीनं फळीवरून घोड्याच्या केसांचा एक ब्रश काढला. कोरा, ताठ. कोमट पाण्यात तेजपत्त्याच्या साबणानं तो धुऊ लागला. पाणी गढूळ झालं आणि दुकानभर तबेल्याचा वास सुटला.

"हे घेऊन बोहल्यावर चढू?" फवाजनं नाक दाबलं. "उकळत्या पाण्यात टाक की!"

"म्हणजे डिंक सुटेल आणि केस तुझ्या मिशीला चिकटतील. जहाजावरची अक्कल इथं नको."

त्या दिवसापासून फवाज रोज सकाळी येऊन बसू लागला. रात्रभर साबण भरून ठेवलेला ब्रश रुश्दी सकाळी धुवायचा, झटकायचा, केस खाली करून खिळ्याला टांगायचा. सुटे केस गळून गेले. पहिले तीन दिवस ब्रश नुसता साबण पीत राहिला, फेस काही देईना. रुश्दी तो स्वतःच्या गालांवर फिरवून बघायचा. त्याचे गाल लाल झाले. चौथ्या दिवशी वास ओसरला. पाचव्या दिवशी केसांची टोकं मऊ पडली.

हात चालत होते, पण मन बेचाळीस वर्षं मागं गेलं होतं. तेव्हाही त्यानं फवाजसाठी असाच ब्रश तयार केला होता, मागणी घालायच्या आधीच. "मी अब्बांना सांगतो," असं छाती ठोकून म्हणाला होता. फवाज मागणी घालून गेल्यावर बाप म्हणाला, "जहाजावरच्या माणसाला मुलगी? ती काय लाटा मोजत बसेल?" आणि त्यानं रुश्दीकडं पाहिलं. रुश्दी वस्तऱ्याला धार लावत राहिला. पुढल्या महिन्यात नजलाचं लग्न कापडवाल्याशी झालं. त्याची दाढी रुश्दीनं त्याच ब्रशनं केली.

सहाव्या दिवशी त्याला राहवलं नाही. "फवाज, त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं बोललो नाही. बोलेन म्हणालो होतो, पण तोंडच उघडलं नाही."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"नजलानं. ती दाराआड उभी होती ना."

रुश्दीनं ब्रश खाली ठेवला. म्हणजे बेचाळीस वर्षं तिला माहीत होतं. तरी दर शुक्रवारी तिच्या हातचा डबा येत राहिला, त्याच्या आजारपणात ती उशाशी बसली, आणि एका शब्दानं बोलली नाही.

दुपारी दुकान बंद करून तो तिच्या घरी गेला. ती मोगराबिये या रव्याच्या गोळ्यांच्या रश्शासाठी कांदे सोलत होती. तो दारातच म्हणाला, "नजला, मी भित्रा निघालो."

"निघालास खरा," ती मान वर न करता म्हणाली. "दोन वर्षं तुझं तोंड बघू नये असं वाटायचं. मग अब्बांमागोमाग अम्माही गेली आणि माहेरचं म्हणायला तूच उरलास. माझा संसार वाईट नव्हता, रुश्दी. फक्त तो मी मागितलेला नव्हता." डोळे पुसून ती म्हणाली, "कांदा आहे हा. ये, उरलेले तू सोल."

तो सोलत बसला.

लग्नाच्या सकाळी खानातले चार म्हातारे दुकानात जमले आणि बेसूर आवाजात नवरदेवाची गाणी म्हणू लागले. वाडग्यात ब्रश फिरला तसा सायीसारखा दाट फेस आला. "हलू नकोस," रुश्दी म्हणाला.

"बेचाळीस वर्षं थांबलोय, आता काय हलणार, गाढवा!"

म्हातारे खिदळले. रुश्दीनं वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंत एकही ओरखडा न उमटवता वस्तरा उतरवला. निकाहाच्या वेळी मौलवींनी नवरीकडून कोण बोलणार असं विचारलं, तेव्हा तो सगळ्यांच्या आधी उभा राहिला. "मी. तिचा भाऊ," तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की नजला ओढणीआड हसली.