शेवटी उरलेलं घर

भाऊसाहेबांनी माझ्या शीलाताईला फसवलं. गेलेल्या माणसाच्या आठवणी अशा सुरू करत नाहीत, हे मला कळतं. पण ताईला जाऊन पाच महिने झाले तरी लिहायला बसलो की पहिलं वाक्य हेच येतं. दारव्ह्याहून तिच्या भाच्याचा फोन आला, "काका, आत्या गेली..." तेव्हा मला रडू आलं नाही. किळस आली. यवतमाळात स्वतःच्या नावावर पक्कं घर असलेली बाई दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खाटेवर मेली.

ताई माझी मावसबहीण. सरकारी नर्स होती, उमेदीची वर्षं मुकुटबनकडच्या दवाखान्यात काढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. लोहाऱ्याकडच्या एका लेआउटमध्ये तिने पगारावर कर्ज काढून घर बांधलं. शेजारचं घर पाटबंधारे खात्यातल्या भाऊसाहेबांचं. मिस्त्री एक, नकाशा एक, मधली भिंतसुद्धा सामाईक. भाऊसाहेबांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तीन वर्षं तिच्या जखमा ताईने धुतल्या, एक पैसा न घेता. चहा विचारला की भाऊसाहेब दारातूनच म्हणायचे, "आत्ताच झाला." ताई हसायची, "भाऊसाहेबाचा चहा तीस वर्षं झाले आत्ताच झालेला हाये!" आम्ही बौद्ध. त्या चहाचा अर्थ तिला कळत होता, पण तिने तो हसण्यावारी नेला... मी नेला नसता.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. घर विकून दवाखान्याजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घ्याव्यात, एवढंच तिच्या मनात होतं. "मले कोनाच्या उपकारात मरायचं नाही, बबन," म्हणायची. त्याच सुमारास एका डॉक्टरला हॉस्पिटल बांधायला दोन्ही जागा हव्या होत्या आणि भाऊसाहेब मुलाकडे पुण्याला निघाले होते. मी जुन्या सागवानी मालाचा व्यापारी, हातगाडीपासून वर आलेला. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नव्हतं. ताईच्या ओट्यावर भाऊसाहेबांनी माझ्या हातावर हात मारला. दोन्ही घरं एकत्र विकायची, भाव एकच, बोलणार मी.

आठ दिवसांनी कळलं, त्यांनी एकट्याने स्वतःच्या घराचा इसार डॉक्टरकडून घेतला होता. ठरल्यापेक्षा चढ्या भावाने.

ताईला घेऊन मी डॉक्टरकडे गेलो. त्याने आधी विचारलं, "घर बाईंच्याच नावावर आहे, की मिस्टरांच्या?" ताई म्हणाली, "घर मायं, कर्ज मायं, मिस्टरबी मायेच होते." डॉक्टर हसला आणि भाऊसाहेबांना दिलेल्या भावाच्या निम्मा भाव बोलला. मलाही हसू आलं. माझ्या धंद्यात जोडीतला शेवटी उरलेला नग महाग होतो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, अर्धी जागा घेऊन बसले तुम्ही. आता गरज तुमची हाये." तो शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेबांनी सांगितलंय सगळं. या घराला आमच्यातलं गिऱ्हाईक येणार नाही, आणि तुमच्यातले असे किती देणार? त्यात बाई एकट्या, आजारी. मला घाई नाही." मी खुर्ची लाथाडली, तोंडाला येईल ते बोललो. ताई मात्र पदर सावरून उठली, "चाल रे. याच्याकडं चहाबी आत्ताच झाला असंन."

त्यानंतर गिऱ्हाइकं आली. फोनवर भाव कबूल करायची, दारावरचं आडनाव वाचायची, आत बुद्धाचा फोटो बघायची आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायची. एका दलालाने मला बाजूला घेऊन तो फोटो भिंतीवरून काढून ठेवायला सांगितलं. ताईने ते ऐकलं. "फोटो कायले, मलेच काढून ठेव ना खोलीत," म्हणाली. डॉक्टर खरंच थांबला. ताईला थांबता येत नव्हतं. एकटीला उठवेना, तेव्हा भाचा तिला दारव्ह्याला घेऊन गेला. पोरगा चांगला, सून चांगली. पण मी शेवटचा भेटलो तेव्हा ताई सुनेला विचारत होती, "पंखा लावू का वं?" ...ज्या बाईने अख्खं घर बांधलं ती पंख्याला परवानगी मागत होती.

ती गेल्यावर भाच्याने त्याच निम्म्या भावात घर देऊन टाकलं. त्याला बोल लावत नाही. मागच्या आठवड्यात घर पाडणाऱ्या ठेकेदाराने मला माल बघायला बोलावलं. दोन्ही घरांचे दरवाजे मातीत शेजारीशेजारी टाकलेले. ताईचा कोणता, मी विचारलं. त्याने डोकं खाजवलं, "काय माहीत शेठ, दोन्ही घरचा माल सारखाच हाये. भावबी एकच लावा."

एकच भाव लावला. कोणता ताईचा ते ओळखता येईना म्हणून दोन्ही दरवाजे गोदामात मागच्या भिंतीला उभे केले आहेत. ते विकायचे नाहीत. भाऊसाहेब, तुम्ही पेपरची ही पुरवणी पुण्यात मोबाइलवर वाचता, हे मला ठाऊक आहे. जिच्या हातांनी तुमच्या आईच्या जखमा धुतल्या, तिच्या घराबद्दल तुम्ही त्या डॉक्टरला नेमकं काय सांगितलं? मला फोन करू नका. याच पानावर, स्वतःचं नाव घालून उत्तर द्या.